पिल्लू येण्याआधी बागेची झडती

कुत्र्याचं पिल्लू घरी यायच्या आठवडाभर आधी बागेत फिरून एकेका झाडाचं नाव लिहून काढा. नुसतं 'पाम' लिहून भागणार नाही. अरेका पाम कुत्र्यांना निर्धोक आहे. सागो पाम म्हणून विकलं जाणारं सायकस मात्र मुळात पाम नाहीच, आणि कुत्र्यांसाठी ते अतिशय घातक आहे. एखाद्या झाडाचं नाव ठाऊक नसेल तर पानाफुलाचा फोटो दाखवून नर्सरीवाल्याकडून शास्त्रीय नाव लिहून घ्या.

आता काढून टाकायची झाडं. सायकस आणि कण्हेर या दोघांच्या बाबतीत मी तडजोड करणार नाही, कुंपण घालूनही नाही. सायकसचा प्रत्येक भाग विषारी असतो, बिया सगळ्यांत जास्त. एक-दोन बियांनीही कुत्रं दगावू शकतं. उलट्या काही तासांत सुरू होतात, पण यकृताला झालेली इजा दिसायला दोन-तीन दिवस लागू शकतात. म्हणून 'आता बरा खेळतोय' यावर विसंबू नये. कण्हेरीतली द्रव्यं हृदयाची लय बिघडवतात. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिचंही तेच. पान वाळलं तरी विष जात नाही, तेव्हा छाटलेल्या फांद्यांचा ढीग कोपऱ्यात पडू देऊ नका. जाळूही नका, धूर अपायकारक असतो. हे काम हातमोजे घालून, पिल्लू यायच्या आधीच उरका. कुंपणाकडेला आपोआप उगवलेला एरंड आणि धोतराही त्याच फेरीत उपटा.

काही झाडं फक्त हलवली तरी चालतात. डायफेनबाखिया, मनीप्लांट आणि अळू यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, कधी उलटीही होते. जिवावर बेतणं विरळाच. या कुंड्या उंचावर टांगा, मनीप्लांटचे लोंबते वेलही वर गुंडाळा. कोरफड आपण औषधी म्हणतो, पण तिच्या सालीखालचा पिवळा चीक कुत्र्याला जुलाब लावतो. सदाफुली आणि घाणेरी मात्र नुसत्या हलवून पुरत नाहीत. त्यांना पिल्लू पोचणारच नाही अशी जागा नसेल, तर देऊन टाका.

गुलाब, मोगरा, लाल जास्वंद, सूर्यफूल बिनधास्त राहू द्या. गुलाबाचे काटे तेवढे सांभाळा. निर्धोक पानंही पोटभर खाल्ली तर एखादी उलटी होणारच. विषारी झाडांच्या याद्या वाचून सगळी बाग उजाड करणारे लोक असतात. तेवढी गरज नाही.

माझ्या मते झाडांहून जास्त दुर्लक्ष होतं ते खतांकडे. एरंडी पेंड आणि हाडांचा चुरा यांच्या वासाने कुत्रं माती उकरून खातं, आणि नीट प्रक्रिया न झालेल्या पेंडीत एरंडाचं विष, रिसिन, शिल्लक असू शकतं. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी झटके येतात. कोकोच्या टरफलांचं आच्छादन असेल तर तेही काढा, त्यात चॉकलेटमधलंच, कुत्र्यांना विषारी असलेलं थिओब्रोमीन असतं. पिशव्या बंद कपाटात ठेवा.

शेवटी एक कागद दाराजवळ चिकटवा. त्यावर पशुवैद्यांचा नंबर, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आणि पिल्लाचं वजन लिहा. वजन दर महिन्याला बदला, औषधाची मात्रा त्यावरच ठरते. काही खाल्लंच तर तोंडातले तुकडे काढा, खाल्लेल्या झाडाची फांदी पिशवीत घ्या, वेळ टिपा आणि लगेच फोन करा. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. काढायची की नाही हे डॉक्टर सांगतील.