कॉलेजात असतानाच सिबिल कसा उभा करायचा

बचत खातं आहे, दिवसातून दहा वेळा यूपीआय होतं, डेबिट कार्डही वापरात आहे. तरी सिबिल, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीवरून मिळणारा क्रेडिट स्कोअर, काढून बघा. आकड्याऐवजी ‘एनएच’ (‘नो हिस्टरी’, म्हणजे नोंदच नाही) किंवा उणे एक दिसेल. हे सगळे व्यवहार तुमच्याच पैशांचे आहेत, आणि क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे हा स्कोअर काढणाऱ्या संस्थेकडे, नोंद जाते ती फक्त उधारीची. देशात असे चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर 300 ते 900 च्या दरम्यान असतो. कर्जाचं किंवा क्रेडिट कार्डाचं पहिलं खातं उघडल्यावर आकडा दिसायला साधारण सहा महिने लागतात, म्हणून शेवटच्या वर्षाची वाट बघू नका.

आधी कागदपत्रं. वय 18 पूर्ण हवं आणि पॅन स्वतःचं हवं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि पॅनवर वडिलांचं नाव गायब, असा घोळ सर्रास असतो. तो अर्ज करण्याआधीच निस्तरा. बँकेत वडिलांचा मोबाइल नंबर असेल तर स्वतःचा लावून घ्या. नाहीतर बिलाचा मेसेज त्यांना जाईल आणि तुम्हाला कळेल ते दंड लागल्यावर.

उत्पन्न नसताना साधं क्रेडिट कार्ड बहुतेक मिळत नाही, आणि प्रत्येक अर्जाची चौकशी ब्युरोकडच्या तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये उमटते. एका आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकलात, तर पैशांची फार निकड आहे असा त्याचा अर्थ लावला जातो. विद्यार्थ्याला खात्रीचा रस्ता म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड. ठेव बँक तारण ठेवते, तिच्यावर व्याज चालू राहतं आणि ठेवीच्या ठरावीक टक्क्यांइतकी मर्यादा मिळते. किमान ठेव, टक्का आणि वार्षिक शुल्क बँकेगणिक बदलतं. शुल्क नसलेलं कार्डच घ्या. वडिलांच्या कार्डावरचं अॅड-ऑन कार्ड इथे उपयोगाचं नाही, ती नोंद मूळ कार्डधारकाच्या नावावर जाते.

खरी गफलत होते ती बिलात. समजा, ठेव 20,000 ची आणि मर्यादा 16,000. बिल दर 5 तारखेला निघतं, भरायची शेवटची तारीख 25. सहा तारखेला घेतलेली वस्तू पुढच्या महिन्याच्या बिलात येते, म्हणजे जवळजवळ 50 दिवस बिनव्याजी. चार तारखेची खरेदी दुसऱ्याच दिवशी बिलात, हातात फक्त 21 दिवस. बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय आणि किमान देय. 4,000 च्या बिलावर किमान 200 दिसले आणि तेवढेच भरलेत, तर दंड टळतो. पण उरलेल्या 3,800 वर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. महिना 3.5 टक्के धरले तरी 133 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी. शिवाय नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. ऑटो-पे लावताना ‘एकूण देय’ निवडलंय ना, हे डोळ्यांनी बघा. पर्यायांत ‘किमान’ही असतं. आणि 25 तारखेला बचत खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, नाहीतर ऑटो-पे बाउन्स होऊन वेगळी चाट बसते.

खर्च मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे 4,800 पर्यंत ठेवा. एखाद्या महिन्यात परीक्षा शुल्क भरल्यामुळे जास्त झालाच, तर बिल निघण्याआधी थोडी रक्कम भरून टाका, रिपोर्टमध्ये देणं कमी दिसेल. मोबाइल रिचार्ज आणि महिन्याचा पास एवढं पुरेसं आहे. कार्डाने एटीएममधून रोख मात्र काढू नका. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज, वर शुल्क.

पडून राहिलेलं कार्डही गोत्यात आणतं. 500 रुपये वार्षिक शुल्क, जीएसटी धरून 590, वापर नाही म्हणून कुणी बिल उघडत नाही आणि थकबाकीची नोंद होते. ‘ठेव बँकेकडेच आहे, वळती करतील’ हा भरवसाही फसवा: ठेवीतून वसुली झाली तरी उशिराची नोंद राहतेच.

‘आत्ता घ्या, नंतर भरा’वाली अॅप्स आणि दुकानातला बिनव्याजी हप्ता ही बहुतेकदा कर्जंच असतात. तीनशे रुपयांच्या बिर्याणीचं कर्जखातं रिपोर्टमध्ये कशाला? मित्राच्या बाइक-कर्जाला जामीनही राहू नका. त्याने हप्ता चुकवला की झळ तुम्हालाही.

शैक्षणिक कर्ज असेल तर ते तुमच्या आणि सहकर्जदार पालकाच्या, दोघांच्याही रिपोर्टमध्ये येतं. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, व्याज मात्र साचतं. जमेल तसं ते भरत गेलात तर पुढचा हप्ता हलका होतो. काही बँका त्यासाठी दरात सूटही देतात, शाखेत विचारा.

प्रत्येक ब्युरोने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चौघांचे तीन-तीन महिन्यांच्या अंतराने काढा. स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. सिबिलच्या रिपोर्टात महिन्यासमोर ‘000’ म्हणजे वेळेवर, ‘030’ म्हणजे तीस दिवस उशीर. न घेतलेलं कर्ज दिसलं तर ब्युरोच्या साइटवर तक्रार टाका आणि त्या बँकेलाही लेखी कळवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा.