सोळा-सतराव्या वर्षी पहिला पार्ट टाइम जॉब: आईबाबांनी काय करायचं आणि कुठे गप्प बसायचं

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो, त्यानंतर अकरावीचं कॉलेज प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत अख्खा उन्हाळा मोकळा, आणि त्यात कधीतरी घरात "मला जॉब करायचाय" हे वाक्य येतंच. आपल्याकडे त्यावर दोन रिअ‍ॅक्शन ठरलेल्या. एक, "आम्ही आहोत ना अजून, तुला काय कमी पडतंय, लोक काय म्हणतील". दुसरी, बाबा लगेच फोन काढतात आणि "आमच्या पोराला कुठेतरी चिकटवून टाका हो" असं ओळखीत सांगून मोकळे. मला दोन्ही पटत नाहीत. लोकांचं म्हणाल तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती मुलांनी स्वतः राबून शिकावं याच विचारावर, त्यामुळे कमीपणा वगैरे आपल्या महाराष्ट्रात तरी कुणी सांगू नये. माझी वाटणी साधी आहे, कायदा, कागदपत्रं आणि मालक कसा आहे हे बघणं आपलं काम, आणि दुकानाची पायरी चढून काम मागणं हे पोराचं काम.

आधी वय बघा, मग काम

हे कंटाळवाणं वाटेल पण इथूनच सुरू करायचं. १९८६ चा बालकामगार कायदा आहे, त्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही, अपवाद म्हणजे शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत आणि अटी पाळून सिरियल-जाहिरातींसारखं कलाकार म्हणून काम. १४ ते १८ मधली मुलं काम करू शकतात पण धोकादायक ठिकाणी नाही, म्हणजे खाणी, फटाके आणि स्फोटकं, पेट घेणाऱ्या वस्तू, घातक केमिकल प्रोसेस असलेले कारखाने हे सगळं बाद.

आणि वेळ. हा भाग बहुतेक दुकानदारांनाही माहीत नसतो म्हणून तुम्हाला माहीत हवा. १८ च्या आतल्या मुलाला सलग तीन तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही, मग निदान एक तास सुट्टी, आणि ती सुट्टी धरून दिवसाचे एकूण सहा तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ मध्ये काम नाही. ओव्हरटाइम नाही. एका दिवशी दोन ठिकाणी काम नाही, आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. म्हणजे "साडेनऊला शटर पाडून मग घरी जा" म्हणणारा काका कितीही प्रेमळ असला तरी तिथे नाही पाठवायचं. सकाळचं कॉलेज असेल तर दुपारी दोन ते पाच ही मस्त वेळ, कायद्यातही बसते आणि पोरगं जेवूनही जातं.

मॉल, कॉफी शॉपच्या मोठ्या चेन, कॉल सेंटर, डिलिव्हरी अ‍ॅप, ही मंडळी बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण मागतात. तर त्या फॉर्मवर जन्मसाल बदलायच्या भानगडीत पडू नका. आणि "एका दादाच्या आयडीवर डिलिव्हरी करतो, बाइक पण त्याचीच" हे जर कानावर आलं तर तिथेच थांबवा. १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं, रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालक किंवा गाडीचा मालक यांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग काम असतं कुठे

नेटवर शोधायला बसू नका, निदान आधी तरी नाही. या वयाचं काम घरापासून चालत वीस मिनिटांच्या आत असतं, जिथे चार लोक तुम्हाला चेहऱ्याने ओळखतात.

झेरॉक्स-स्टेशनरीची दुकानं घ्या. जूनमध्ये शाळा उघडल्या की तिथे पाय ठेवायला जागा नसते, वह्या, कव्हरं, लेबलं, जर्नल, प्रोजेक्टचे कागद, आणि मालक एकटाच ओरडत असतो. त्याला तेव्हा हुशार माणूस नकोय, दोन जास्तीचे हात हवेत. मग राखीचे स्टॉल. मग गणपती, मूर्तीचं बुकिंग आणि मखर-सजावटीचं सामान महिना-दीड महिना आधी सुरू होतं, दादरला रानडे रोडला किंवा लालबागला राहत असाल तर सांगायलाच नको पण आता प्रत्येक उपनगरात एखादा मंडप लागतोच. दिवाळीआधी फराळ करून विकणाऱ्या काकूंकडे बॉक्स पॅक करणं, वजन करून लेबल लावणं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरी वहीत उतरवणं, त्यातल्या कितीतरी पार्सल अमेरिका-दुबईला जायच्या असतात आणि पत्ते इंग्रजीत नीट लिहून देणारं कुणीतरी त्यांना हवंच असतं. फक्त विचारायला लवकर जायचं. गणपतीसाठी जुलैमध्ये, दिवाळीसाठी नवरात्राच्या आधी. आदल्या आठवड्यात गेलं की माणसं भरलेली असतात.

सणांशिवायची कामं पण आहेत. सोसायटीतल्या पहिली ते चौथीच्या मुलांचा अभ्यास घेणं (हे मला सगळ्यात आवडतं, घरातच होतं आणि स्वतःचं गणित पक्कं होतं), उन्हाळी शिबिरात मदतनीस, लायब्ररीत पुस्तकं लावणं, केकवाल्या ताईंचे फोटो काढून इन्स्टावर टाकणं, आजी-आजोबांना लाइट बिल ऑनलाइन भरून देणं. शेवटच्यात एक अट, ओटीपी आणि पिन आजींनी स्वतः टाकायचा, मुलाला सांगायचा नाही, उद्या काही झालं तर संशय नको.

ट्रेनने जावं लागणार असेल तर मुलाचा कॉलेजचा पास ज्या दोन स्टेशनांमधला आहे त्या मधलंच काम बघा, नाहीतर कमाईतला बराच भाग तिकिटात आणि वडापावात जातो.

विचारायला पोरगंच जाणार

सोबत न्यायचा बायोडेटा एक पान पुरे. नाव, इयत्ता, एरिया, फोन, कुठल्या वारी किती वाजता मोकळा, कोणत्या भाषा येतात. भाषा लिहाच, मुलुंड-घाटकोपर-बोरिवलीला गुजराती समजणारं पोर दुकानात लगेच घेतील. जन्मवेळ, उंची, गोत्र असलं काही नको, लग्नाचा बायोडेटा नाहीये तो. छंदांची यादी पण नको, वाचन आणि क्रिकेट सगळेच लिहितात.

जायची वेळ सकाळी साडेअकरा किंवा दुपारी तीन-चार. संध्याकाळच्या गर्दीत गेलं की "नंतर ये" हेच उत्तर. घरी दोनदा बोलून घ्या, तुम्ही दुकानदार व्हा आणि जरा खडूसच व्हा. बोलायचं इतकंच, "नमस्कार काका, मी मागच्या गल्लीत राहतो, अकरावीला आहे. दुपारी दोन ते पाच मोकळा असतो. सीझनला हाताखाली कुणी हवंय का?" बस. तुम्ही सोबत जायचं नाही, समोरच्या टपरीवर चहा पीत पण उभं राहायचं नाही, दुकानदाराला कळतं ते. त्याने "बाबांना घेऊन ये" म्हटलं तर जरूर जा, मात्र गेल्यावर पोराच्या वतीने उत्तरं देऊ नका.

"बघू", "सांगतो", "सध्या नको" हे ऐकायला मिळणारच. अशा ठिकाणी नंबर लिहून ठेवून यायचं आणि आठवड्याने एकदा परत डोकवायचं, एकदाच. घरी आल्यावर "मी म्हटलंच होतं" एवढं तुम्ही गिळून टाका.

पैशाचं पहिल्याच दिवशी

आपली मुलं इथेच अडखळतात, लाजतात, आणि मग महिनाभर राबून मालक देईल तेवढे घेऊन येतात. तासावर की दिवसावर की महिन्यावर, किती, कोणत्या तारखेला, कॅश की अकाउंटला, काही फुटलं-हरवलं तर काय, हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी. "दोन दिवस ट्रायल" ठीक आहे पण त्या दोन दिवसांचेही पैसे. बोलून झालं की घरी येऊन एक मेसेज टाकायचा, "काका, ठरल्याप्रमाणे सोमवारपासून दुपारी २ ते ५ येतो, पैसे दर महिन्याच्या अमुक तारखेला", समोरून नुसता अंगठा आला तरी चालेल, लेखी झालं.

कुणी बाँडवर सही मागितली तर घाबरू नका आणि सहीही करू नका, १८ खालच्या मुलाने केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याच्यावर बंधनकारक नसतोच. मात्र तुमची सही मागितली तर ती तुम्हाला लागू होऊ शकते. ओरिजिनल मार्कशीट कुणाच्याही ताब्यात द्यायची नाही. आधार मागितलं तर मास्क्ड कॉपी द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

अकाउंट मुलाच्या नावाचंच उघडा. दहा वर्षांपुढची मुलं स्वतः चालवतील असं सेव्हिंग अकाउंट उघडायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, लिमिट बँक ठरवते. पॅन पण अल्पवयीन मुलाचं निघतं, अर्ज आईबाबांनी करायचा. मुलाने स्वतःच्या मेहनतीने कमावलेले पैसे आईबाबांच्या उत्पन्नात धरले जात नाहीत, त्यावरचं व्याज मात्र धरलं जातं.

फसवाफसवी

लोकलच्या डब्यात चिकटवलेले "घरबसल्या कमवा" वाले स्टिकर आता टेलिग्रामवर गेलेत इतकंच. काम द्यायच्या आधी पैसे मागणारा प्रत्येक जण, मग ती रजिस्ट्रेशन फी असो, युनिफॉर्मचं डिपॉझिट असो की ट्रेनिंगचं किट, सोडून द्या. व्हिडिओ लाइक करा आणि पैसे मिळवा, यात पहिल्यांदा शे-दोनशे खरंच येतात, मग "टास्क अनलॉक" करायला पैसे भरायला लावतात. घरबसल्या टायपिंगमध्ये शेवटी चुका काढून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे "फक्त तुझं अकाउंट वापरायला दे, महिन्याला पैसे देतो", त्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस अकाउंटवर नाव असलेल्या पोराकडे येतात. हे मुलाला नीट बसवून सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

जागा बघून या

गिऱ्हाईक म्हणून एकदा जाऊन या, काहीतरी विकत घ्या. मालक बाकीच्या पोरांशी कसा बोलतो ते दोन मिनिटांत दिसतं. बाथरूम कुठे आहे विचारा, मुलगी असेल तर हा पहिला प्रश्न, कितीतरी गाळ्यांमध्ये सोय नसते आणि मुली दुपारभर पाणीच पीत नाहीत. मागच्या गोडाऊनमध्ये एकटं पाठवतात का तेही बघा. आणि मुलाला स्पष्ट सांगून ठेवा, कुणी अंगाला हात लावला, घाणेरडं बोललं, तर पगार, वस्तू, चप्पल काही न बघता उठून घरी यायचं, पुढचं आम्ही बघू. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर त्याच्याच फोनमध्ये सेव्ह करा.

लागल्यावर

रोज विचारपूस करत बसू नका. पहिला पगार आला की देवापुढे ठेवा हवं तर, पण नंतर त्याचा त्याला द्या, घरखर्चात वळवू नका आणि शूजवर उडवला तर लेक्चरही नको. कॉलेजची युनिट टेस्ट आणि बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या तारखा मालकाला आधीच कळवायला लावा. आणि सोडताना फोन बंद करून गायब व्हायचं नाही, आठ दिवस आधी समोर जाऊन सांगायचं, राहिलेले पैसे घ्यायचे, आणि पुढच्या ठिकाणी तुमचा नंबर दिला तर चालेल का असं काकांना विचारून यायचं, कारण पुढचा मालक पहिलं हेच विचारतो की आधी कुठे होतास.