पावसाळी तळ्याखालचा ओढा कसा तपासावा

रस्त्यांवरून, छपरांवरून वाहून येणारं पाणी थेट ओढ्यात शिरू नये म्हणून मध्ये तळं खोदतात. पाणी तिथे थांबतं, निवळतं आणि सांडव्यावरून पुढे जातं. आत शिरताना गढूळ, बाहेर पडताना निवळ, एवढं पाहून बहुतेक जण तळ्याला पास करून टाकतात. समुद्राजवळच्या ओढ्यांसाठी ही परीक्षा अपुरी आहे, कारण तळं गाळ अडवतं आणि त्याच वेळी दुसरंच काही तयार करून खाली पाठवतं. ते दुसरं कसं पकडायचं, एवढंच इथे सांगतो.

आधी निवळण्याचा हिशेब. बारीक वाळूचा कण हातभर पाण्यातून अर्ध्या मिनिटाच्या आत तळाला लागतो. चिकणमातीचा 2 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मात्र अगदी स्थिर पाण्यातही दिवसभरात जेमतेम 30 सेंटीमीटर उतरतो. म्हणून पाणी तळ्यात किती वेळ राहतं, हे पहिल्यांदा बघा. आत येणारा पाइप आणि सांडवा शेजारी-शेजारी असतील तर पाणी कडेकडेने निसटतं आणि उरलेलं तळं नुसतं शोभेला राहतं. पाऊस चालू असताना वाळकी पानं टाकून ती कुठून कुठे जातात ते पाहिलं तरी कळतं.

नमुने चार जागी घ्या: तळ्यात येणारं पाणी, सांडवा, ओढ्यात सांडवा मिळतो त्याच्या वर, आणि खाली पाणी नीट मिसळल्यावर. शेवटच्या जागी भरती-ओहोटी तुम्हाला हमखास फसवते. भरतीला खालचा नमुना म्हणजे निम्मं समुद्राचं पाणी. आकडे सुंदर येतात आणि श्रेय तळ्याला जातं. ओहोटी सरत आली की बाटली भरा, आणि भरण्याआधी विद्युतवाहकता मोजा, म्हणजे पाण्यात क्षार किती ते कळतं. समुद्राच्या पाण्यात ती 25 अंशांना सेंटीमीटरला 50 मिलिसीमेन्सच्या वर असते. पावसाचं वाहून आलेलं पाणी बहुधा एकाच्याही खाली. मधला आकडा आला तर पाणी मचूळ आहे. तशी नोंद करा, नाहीतर पुढची तुलना वाया गेली.

आता वेळ. यंत्र एकच घ्यायला परवडत असेल तर विरघळलेल्या प्राणवायूचं घ्या, आणि पहाटे जा. दुपारी शेवाळ जोरात असतं, प्राणवायू भरभरून दिसतो, सामू (pH) 9 च्या पुढे जातो. रात्रभर तेच शेवाळ आणि तळातला कुजणारा पाला प्राणवायू खात राहतात, त्यामुळे खरी स्थिती उजाडताना दिसते. 30 अंशांच्या गोड्या पाण्यात मुळात मावतो साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर. पहाटे तो 2 च्या खाली गेला की माशांचं काही खरं नाही. मोजणीची कांडी दोरीला बांधून अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारा आणि गाठीगाठीने खाली सोडा. वर 6, मग 5, आणि पुढच्याच गाठीला अर्धा, असं दिसलं की तळ्यात थर पडलेत, म्हणजे वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळत नाही. आकडा स्थिरावायला कांडीला वेळ द्या, घाई करू नका.

किनाऱ्याजवळ हे थर नुसत्या उन्हाने पडत नाहीत. उधाणाला खारं पाणी सांडव्याच्या पाइपातून उलटं आत शिरतं, जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि वर गोड्या पाण्याचं झाकण राहतं. खालचा प्राणवायू संपतो, समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड होतो. काठावरून काठी गाळात खुपसा: बुडबुडे, कुजक्या अंड्यांचा वास, काठीला काळाकुट्ट लेप. हा सल्फाइड लोखंडाला पकडतो आणि लोखंडाने धरून ठेवलेला फॉस्फरस सुटतो. म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेला फॉस्फरस तळं परत पाण्यात सोडायला लागतं. सांडव्याचं तोंड तळाजवळ असेल तर हेच पाणी ओढ्यात जातं. वरचं पाणी सोडलं तर कोमट आणि हिरवं जातं. मला विचाराल तर थर मोडतील अशी व्यवस्था आणि पाइपाला भरती रोखणारी झडप, या दोन्हींवर आधी खर्च करावा.

प्रयोगशाळेत फक्त नायट्रेट मागू नका, एकूण नायट्रोजन मागा. तळ्यातलं शेवाळ नायट्रेट खाऊन वाढतं, अहवालात नायट्रेट घसरलेलं दिसतं आणि तोच नायट्रोजन हिरव्या रूपात सांडव्यावरून जातो. खाडीत शेवाळाच्या वाढीला बहुधा नायट्रोजनच कमी पडत असतो, त्यामुळे तिथे तो लगेच कामी येतो. अमोनियासोबत सामू आणि तापमान लिहा: 25 अंशांना सामू 7 असताना त्याचा विषारी भाग एक टक्क्याहून कमी असतो, 9 ला तिसरा हिस्सा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, न विसळता, वर थोडी हवा ठेवून. बर्फात घालून 6 तासांत पोचवा. खाऱ्या पाण्यात एंटेरोकोकाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, तपासायला सांगा. तळ्यावर बदकांचा तळ पडला असेल तर आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेरचा आकडा मोठा आला तरी दचकू नका.

आणि नुसत्या मिलिग्रॅमवर भांडू नका. सांडव्याचं पाणी मोकळं पडत असेल तर बादली आणि घड्याळ पुरे: बादली किती सेकंदांत भरते ते बघा, प्रवाहाला नमुन्यातल्या प्रमाणाने गुणा. ओढ्यावर पडणारा भार तो.

हिरवं पाणी पाहून मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकायचा मोह होतो. शेवाळ एकदम मरतं, कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं, आणि तांबं गाळात साठत जातं. त्यापेक्षा काठावरचं गवत उंच राहू द्या, कापलेलं गवत पाण्यात लोटू नका, पक्ष्यांना खाऊ घालणं थांबवा आणि पाणी आत येतं तिथला गाळ वेळेवर काढा. काढलेला गाळ काठावर पसरण्याआधी त्यातले जड धातू आणि तेलकट अंश तपासून घ्या. पुढच्या पावसात तो परत तळ्यातच येणार असतो.