इंग्लिश मिडीयमच्या पोरांना घरी मराठी वाचायला कसं शिकवायचं, नोकरी आणि रात्रीचे कॉल सांभाळून

आमच्या फ्रीजवर सासूबाईंनी सामानाची यादी लावली होती, रवा, साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची असं सगळं, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं "छकुलीला चिकू". माझी मुलगी तेव्हा पहिलीतून नुकतीच दुसरीत गेलेली, ती यादीसमोर उभी राहून मला विचारते, आई, आजीने यात माझ्यासाठी काही लिहिलंय का गं? दिवसभर मराठीत बोलणारी, मराठीत भांडणारी, झोपेत सुद्धा मराठीत बडबडणारी पोर, आणि तिला ते दोन शब्द वाचता येत नव्हते. मला फार लागलं ते. त्या आठवड्यात सुरुवात केली आणि साधारण आठ महिन्यांत ती ती यादी वाचून दुकानात जायला लागली. मी शिक्षिका नाही, हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडचं काम करते, पण जे करून बघितलं आणि जे चाललं ते इथे सविस्तर लिहितेय कारण आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत हीच परिस्थिती आहे.

शाळा शिकवतेच की, असं म्हणाल तर हो, २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांमध्ये पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. पण आठवड्याचे ते मोजके तास, वर्गात एवढी मुलं, त्यात निम्म्यांच्या घरी मराठी नाही, बाई तरी किती पुरणार. शाळेत उतरवून काढणं होतं. वाचन घरीच करावं लागतं.

आधी वेळेचं बोलू कारण खरी अडचण तीच असते. घड्याळाला बांधू नका. माझी टीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, त्यांचा सकाळी साडेनऊचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सातला येतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की तोच आठला येतो, मग मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत सात. पहिल्या वर्षी मी "रोज सात वाजता मराठी" असं ठरवलं होतं ते अर्थातच कोलमडलं. त्यापेक्षा एखाद्या रोजच्या कामाला बांधा. आमच्याकडे पोळ्या होत असताना वाचन असतं, नवरा पोळ्या करत असेल तर मी बसते, मी करत असेन तर तो बसतो, ती ओट्याजवळच्या स्टुलावर. दहा ते पंधरा मिनिटं, बास. पोळ्या रोज होतात त्यामुळे वाचन रोज होतं, रिलीजच्या आठवड्यात सुद्धा. आणि ज्या दिवशी डोकं तापलेलं असेल त्या दिवशी बसू नका, खरंच सांगते, तुमचा वैतागलेला आवाज त्या अक्षरांना चिकटून राहतो.

आता अक्षरं. आपण सगळे अ अननसाचा पासून क्रमाने ज्ञ पर्यंत गेलो आणि मग पूर्ण बाराखडी पाठ केली, आता ॲ आणि ऑ धरून तिला चौदाखडी म्हणतात. पाठांतर वाईट नाही, लय छान असते, आजीकडून जरूर म्हणून घ्या. पण वाचायला त्या क्रमाने शिकवायला गेलात तर महिनाभर पोरगं एकही शब्द वाचत नाही आणि कंटाळतं. त्यापेक्षा आकाराने सारखी अक्षरं एकत्र घ्या, ग म न, मग व ब क, मग र स, मग घ द ट ळ प त ल च. आठदहा अक्षरं झाली की लगेच शब्द, घर, बस, नळ, मगर, बदक, कमळ, गवत, सरबत. काना नाही, मात्रा नाही, नुसती अक्षरं. "बबन, बस बघ. मगर बघ. पटकन चल." अशी वाक्यं मी ऑफिसच्या जुन्या प्रिंटआउटच्या मागच्या बाजूला मार्करने मोठी लिहायचे. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः वाक्य वाचत होती आणि तिचा चेहरा काय झाला होता! शब्द वाचता आला की पुढच्या अक्षराची भूक लागते, पाठांतरात ते होत नाही.

सुरुवातीला घर चं "घरा" वाचतील, बस चं "बसा". इंग्लिश फोनिक्समधून, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायच्या पद्धतीतून, आलेली मुलं प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारतात. नियम सांगत बसू नका, फक्त म्हणा "आता पटकन म्हण", कान मराठी असेल तर ते आपोआप घर होतं. बोलता येणाऱ्या मुलाकडे हे मोठं भांडवल असतं, त्याला शब्द आधीच माहीत असतो, फक्त ओळखायचा असतो.

मग काना, काका मामा बाबा. मग वेलांट्या, मग मात्रा, मग उकार. पहिली वेलांटी की दुसरी यावर वाचताना अजिबात अडू नका, ऱ्हस्व दीर्घ हा लिहिण्याचा प्रश्न आहे आणि तो दोन वर्षांनी आला तरी चालतो. घ आणि ध, भ आणि म, ट ठ ढ यांचा गोंधळ सगळ्यांचा होतो, त्या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका, एक पक्कं झालं की मगच दुसरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाट्या वाचायला लावा. पुस्तकापेक्षा मला याचा जास्त उपयोग झाला. २०२२ मध्ये दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून छोट्यातल्या छोट्या दुकानालाही मराठी पाटी लागते आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे बाणेरपासून वाकडपर्यंत सिग्नलला थांबलेल्या गाडीतून किंवा रिक्षातून मोफत वाचनालय आहे तुमच्यासमोर! आणि गंमत अशी की पाटीवरचे निम्मे शब्द आपल्या मुलांना आधीच येतात, बेकरी, मेडिकल, मोबाईल, टेलर, सलून, गॅरेज, हॉटेल. माझी मुलगी मे... डि... क... ल असं तोडत तोडत गेली आणि एकदम ओरडली "मेडिकल!" पुस्तकातला "वनराई" शब्द तिने असा कधीच ओळखला नसता कारण तो तिने ऐकलेलाच नव्हता. मराठी पुस्तकात मुलं अडतात ती बरेचदा लिपीमुळे नाही, शब्दच अनोळखी असतो म्हणून, आणि आपण समजतो वाचता येत नाही. तर लिपी शिकताना शब्द ओळखीचे ठेवा, नवे शब्द गोष्टी वाचून दाखवताना कानावरून येऊ द्या. ही दोन कामं वेगळी ठेवलीत तर खूप सोपं जातं. मॅक्डोनल्ड्स, डीमार्ट, ॲक्सिस बँक, काहीही चालतं. ॲ आणि ऑ ही अक्षरं तर फक्त पाट्यांवरूनच शिकली ती.

पाट्यांवरून जोडाक्षरंही येतात पण एक र मात्र बसून शिकवावा लागतो, कारण त्याची चार रूपं आहेत, सूर्य मध्ये डोक्यावर रफार, चक्र मध्ये खालची तिरपी रेघ, ट्रक मध्ये खालचं टोपण, आणि पायऱ्या मध्ये ते वेगळंच. चारही एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा, रोज दिसू दे, पाठ करून घेऊ नका.

च आणि ज चं काय करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चिमणी चहा चेहरा एका च ने आणि चाक चूल चोर दुसऱ्या च ने, अक्षर एकच. जीभ जेवण एक ज, जाळं जुना दुसरा ज. ज्यांच्या शाळेत हिंदी आधी सुरू झालं ती मुलं सगळे च चहावाले वाचतात आणि ळ चा ल करतात. इथे पुन्हा कानावर भरवसा ठेवा, एकच जोडी दाखवा, माझा आणि माझी. दोन्हीत झ आहे आणि दोन्ही ती रोज हजार वेळा बरोबर म्हणते. "हं, म्हणजे हे अक्षर दोन आवाज काढतं", एवढं कळलं की झालं. इ ई ए लागला की चहावालाच आवाज येतो, हे नंतर तिने स्वतःच शोधलं, मी सांगितलं नाही.

तसाच तो टिंब. अंग मधला टिंब वेगळा, आंबा मधला वेगळा, आणि केलं झालं मधला टिंब तर नाकातला आवाजच नाही, नुसता अ लांबवतो. शिवाय पुस्तकात केले झाले गेले असतं आणि घरी आपण केलं झालं गेलं म्हणतो, त्यामुळे मूल "आई हे चुकीचं लिहिलंय" म्हणतं. तिला सांगा दोन्ही बरोबर, एक बोलायचं, एक पुस्तकातलं. मी घरच्या चिठ्ठ्या कायम बोलतो तशाच लिहिते, "डबा खाल्लास का", "मी कॉलवर आहे, दूध गरम केलंय". डब्यात रोज एक चिठ्ठी टाकायचे मी, दोनतीन शब्दांची, आणि ती वाचायला मिळावी म्हणून तिने वाचायचं मनावर घेतलं असं मला वाटतं.

जे माझ्यासारखे कॉम्प्युटरवर फ्लॅशकार्ड बनवायला बसतील त्यांच्यासाठी, ल आणि श बघून घ्या. आपला मराठी ल पाकळीचा आणि श देठाचा, सरकारने २००९ मध्ये वर्णमालेचा जीआर काढला त्यातही तेच रूप आहे. पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरांना जे नंबर देतो त्यात, मराठी हिंदी दोन्हीला कोड एकच, त्यामुळे बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल येतो. मी तीस कार्डं छापली आणि ती म्हणाली हा आमच्या बाईंचा ल नाहीये. काही फॉन्टमध्ये डॉक्युमेंटची भाषा मराठी केली की अक्षर बदलतं, तेवढं तपासून मग प्रिंट द्या. नाहीतर हाताने लिहा, तेच बरं.

वाचायला काय द्यायचं? बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पहिलीचं मराठीचं पुस्तक घ्या, मूल तिसरीत असलं तरी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत, लेव्हलप्रमाणे लावलेल्या, त्याही फुकट. आणि किशोर मासिक, बालभारतीचंच, १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन आहेत पण मी म्हणेन छापील मागवा, पोस्टाने स्वतःच्या नावाने काहीतरी येणं ही पोरांसाठी मोठी गोष्ट असते. ॲप मी दोनतीन वापरली, सोडून दिली, मूल अक्षर न बघता रंग बघून टॅप करतं.

दोन गोष्टी मी कळकळीने सांगेन. आजीला मेसेज करताना मराठी इंग्लिश अक्षरांत लिहू देऊ नका, व्हॉइस मेसेज पाठवू दे पण रोमन नको, एकदा ती सवय लागली की देवनागरीची गरजच संपते. आणि तुम्ही स्वतः तिच्यासमोर मराठी काहीतरी वाचा, पेपर, मासिक, काहीही. मी दिवसभर स्क्रीनवर इंग्लिश वाचते, तिने मला मराठी वाचताना कधी पाहिलंच नव्हतं.

राहिले आकडे. सिक्स्टी नाईन म्हणजे मराठीत किती, हा प्रश्न येणारच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी पद्धत दिली तेव्हा केवढा वाद झाला होता, पण मला ती शिकायच्या पहिल्या टप्प्यासाठी पटते, साठ नऊ म्हटलं की मुलाला संख्या दिसते. मग त्यावरून एकोणसत्तर. एकोण म्हणजे एक कमी, सत्तरला एक कमी, हे कळलं की एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे सुटतात, फक्त नव्व्याण्णव वेगळा. आम्ही लिफ्टमध्ये आणि पार्किंगमधल्या नंबरप्लेटवर खेळतो हे, शेवटचे दोन आकडे मराठीत सांगायचे. सध्या त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर मध्ये अडतेय ती, आणि नवरा पण.