मॅग्नेटिक नीडलवरचा काळा डाग: कपलिंग रिअॅक्शनमध्ये या चुका टाळा

"सुझुकी लावली, रात्रभर ठेवली, सकाळी टीएलसी केली तर स्टार्टिंग मटेरियल जसंच्या तसं." माटुंगा असो, कलिना असो की पवई, जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही ऑरगॅनिक लॅबमध्ये हे गाऱ्हाणं कानावर पडतंच. सुझुकी म्हणजे पॅलेडियम धातूच्या कॅटॅलिस्टने बोरॉनिक अॅसिड (बोरॉन असलेला रेणू) दुसऱ्या रेणूला जोडणारी कपलिंग रिअॅक्शन, आणि टीएलसी म्हणजे प्लेटवर पदार्थांचे स्पॉट वेगळे करून क्रिया कुठवर आली ते बघणं. मग कॅटॅलिस्टवर खापर फुटतं, नवी बाटली येते आणि पुन्हा तेच. अशा वेळी मी विद्यार्थ्यांना एकच विचारते: आरबीत (गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये) तुम्ही काय टाकलंत ते वहीत आहे, पण न टाकता आत काय गेलं?

अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी ही रिअॅक्शन 1979 मध्ये मांडली. हेक आणि नेगिशी यांच्यासोबत सुझुकींना 2010 चं नोबेल मिळालं. रक्तदाबावरच्या लोसार्टनमध्ये दोन बेंझीन वलयं जोडणारा जो बंध आहे, तो कारखान्यात घडवण्याची एक पद्धत म्हणजे हीच सुझुकी. इतकी रुळलेली रिअॅक्शन तुमच्याकडे अडत असेल, तर आधी हवा आणि पाणी तपासा.

सगळंच कोरडं करत सुटू नका

पाणी अजिबात न चालणाऱ्या ग्रिन्यार्ड रिअॅक्शनची शिस्त सुझुकीला लावली की घात होतो. इथे पाणी हवं असतं. क्रियेला लागणारा बेस (अल्कली) त्यात विरघळतो आणि बोरॉन-पॅलेडियमची देवाणघेवाण त्याच्याच मदतीने होते. डायॉक्सेन (सॉल्व्हंट) आणि पाणी 4:1 घेऊन बघा. अर्धे प्रश्न तिथेच मिटतील. उलट, पाणी न चालणाऱ्या ब्यूटिल लिथियमसाठी टीएचएफ हे सॉल्व्हंट लागणार असेल तर 3 अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्ह्ज (पाणी शोषणारे दाणे) नीट तापवून घ्या, दर 100 मिलीला 20 ग्रॅम टाका आणि तीन दिवस हात लावू नका. न तापवलेल्या सीव्ह्ज टाकणं आणि न टाकणं सारखंच.

बोरॉनिक अॅसिडचंही असंच. बाटलीतल्या बाटलीत त्यातलं पाणी निघून तीन रेणूंचं बोरॉक्झिन बनतं, त्यामुळे वजन करून काढलेले मोल खरे नसतात. थोडं जास्त घ्या. आणि 2-पिरिडिल बोरॉनिक अॅसिडवर महिना घालवू नका. कपलिंग होण्याआधीच त्याचा बोरॉन गळून पडतो. मायडा बोरोनेट (त्याचं टिकाऊ रूप) घ्या किंवा दुसरा जोडीदार शोधा.

ऑक्सिजनची खूण सोपी आहे. पाच-दहा मिनिटांत मिश्रण काळं पडलं आणि बोरॉनिक अॅसिड स्वतःशीच जोडलेलं दिसलं, की नायट्रोजन कमी पडला असं समजा. फुगा लावला म्हणजे झालं असं नाही. सॉल्व्हंट आणि पाण्यात वीस मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोडा, कॅटॅलिस्ट त्यानंतरच टाका. पॅलेडियम टेट्राकिस (नेहमीचं कॅटॅलिस्ट) पिवळं असेल तरच वापरा, तपकिरी किंवा हिरवट झालं असेल तर सोडून द्या.

मुंबईचा पावसाळा

फ्रिजमधली बाटली काढून लगेच उघडणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक. काचेवर बाहेरून जसं दव धरतं, तसंच ते आत पावडरवरही धरतं. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, चहा पिऊन या. पोटॅशियम टर्शरी ब्युटॉक्साइड या बेसचं वजन करताना काट्याकडे नीट बघा: तुम्ही काही टाकत नसता तरी आकडा हळूहळू चढत असतो. ते पाणी तुमच्या हिशेबात येतं आणि बेस तेवढा कमी पडतो.

टीएलसी प्लेटही पाणी पिते, मग स्पॉट नेहमीपेक्षा वर धावतात आणि एकमेकांत मिसळतात. 110 अंशांवर अर्धा तास तापवून घ्या, तेवढ्याने भागतं.

जुनी नीडल

माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मला आयर्न क्लोराइडने कपलिंग होताना दिसलं. पॅलेडियम नाही, लिगंड (धातूला धरून ठेवणारा रेणू) नाही आणि यील्ड (मिळालेला माल) चांगलं. गाईड खूश, पेपरचा मसुदाही सुरू झाला. मग माझ्या ज्युनिअरने तीच रिअॅक्शन लावली आणि तिला काहीच मिळालं नाही. मी लावली की व्हायची, तिने लावली की नाही. आम्ही सॉल्व्हंट बदलले, बाटल्या बदलल्या, एकमेकींच्या हाताला दोष दिला. फरक शेवटी हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) सापडला. ती प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेल्या पाकिटातली नवी नीडल (मिश्रण ढवळणारी टेफ्लॉन चढवलेली चुंबकी कांडी) वापरत होती, मी माझी जुनी. माझ्या नीडलचं पांढरं टेफ्लॉन टोकांना करडं झालं होतं आणि मधोमध नखाएवढा काळा डाग होता. अॅसिटोनने पुसला, साबणाने घासला, तरी तसाच. आधीच्या कपलिंगमधलं पॅलेडियम तिच्या ओरखड्यांत जाऊन बसलं होतं. नवी नीडल, नवी आरबी घेतली तेव्हा माझंही यील्ड शून्यावर आलं. मसुदा बाजूला ठेवला. त्या रात्री माटुंग्याहून घरी जाताना रडू आलं होतं, पण पेपर छापून आल्यावर हे कळलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

हे आमच्यापुरतं नाही. 2003 मध्ये पॅलेडियमशिवाय सुझुकी झाल्याचा दावा छापून आला होता. 2005 मध्ये त्याच गटाने स्वतःच शोधून काढलं की बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये 50 पीपीबीइतकं (अब्जात 50 भाग) पॅलेडियम असतं आणि सगळं काम तेच करत होतं. त्यांच्या त्या प्रामाणिकपणाचा मला फार आदर वाटतो. 2021 मध्ये धातूशिवाय, नुसत्या अमाइनने (नायट्रोजन असलेल्या संयुगाने) सुझुकी होते असा पेपर आला. ते अमाइन बनवतानाच पॅलेडियम वापरलं होतं आणि ते त्यात राहिलं होतं. पेपर मागे घेतला गेला.

म्हणून नवी कॅटॅलिसिस सापडली असं वाटलं की आधी नवी काच, नवी नीडल, दुसऱ्या कंपनीचा बेस, आणि कॅटॅलिस्ट न टाकता एक ब्लँक. मग आयसीपी-एमएस (धातूचे अंश मोजणारी चाचणी). काच अॅक्वा रेजियाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या मिश्रणाने) धुणार असाल तर हूडमध्ये ताजं बनवा, बाटलीत बंद करून ठेवू नका आणि अॅसिटोन त्याच्या आसपासही नको.

औषध म्हणून तपासायला देण्याआधी

हिशेब करून बघा. 300 रेणुभाराचा पदार्थ 1 मिलिमोल बनवला आणि 5 मोल टक्के पॅलेडियम टाकलं, तर 300 मिलिग्रॅम मालात सुमारे 5.3 मिलिग्रॅम पॅलेडियम. सगळंच मागे राहिलं तर 17,000 पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) वर. तोंडाने घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला 100 मायक्रोग्रॅम आहे, इंजेक्शनमध्ये 10. म्हणजे रोज 1 ग्रॅम घ्यायच्या गोळीत 100 पीपीएम. एका कॉलमने (सिलिकातून गाळून केलेल्या शुद्धीकरणाने) माल पांढरा दिसतो, पण पांढरा दिसला म्हणून धातू गेला असं नाही. थायॉल सिलिकावर (धातू पकडणाऱ्या पावडरीवर) ढवळा किंवा एन-असिटिल सिस्टीनच्या पाण्याने धुवा, आणि मोजा.

आपल्याकडे हे पाऊल गाळून सॅम्पल थेट एन्झाइमच्या चाचणीला जातं. तिथे उरलेला धातू एन्झाइममधल्या सिस्टीन या अमिनो अॅसिडला धरतो, क्रिया थांबते आणि आपल्याला वाटतं रेणू लागू पडला. जस्ताच्या अंशांमुळे खोटे हिट मिळाल्याची उदाहरणं मोठ्या औषध कंपन्यांनीही प्रसिद्ध केली आहेत. चांगला आयसी 50 (एन्झाइमची क्रिया निम्म्यावर आणणारी मात्रा) आला तर तोच पदार्थ धातू न वापरता दुसऱ्या मार्गाने बनवा आणि पुन्हा द्या. सोबत ईडीटीए (धातू पकडून ठेवणारा पदार्थ) घातलेली एक नळीही ठेवायला सांगा. ईडीटीए घालताच परिणाम नाहीसा झाला, तर तो रेणू बाजूला काढा आणि आधी त्या बॅचमधला धातू मोजून घ्या.