पोट सपाट असलं तरी गळ्याचं माप घ्या

मालवणात माझं शिलाईचं दुकान आहे. लोकांच्या गळ्याला टेप लावणं हा माझा धंदा, आणि झोपेत माझा श्वास अडतो म्हणून रात्री मी स्वतः सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, लावून झोपतो. डॉक्टरकी मी करत नाही. माप कसं घ्यायचं आणि त्यावरून पुढे काय करायचं, तेवढंच सांगतो.

ट्रॉलरवर जाळी ओढणारे खलाशी, कबड्डीवाले, हल्ली जिमची पोरं, सगळे माझ्याकडे शर्ट शिवतात. घोरण्याचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "माका पोटच नाय, माका कसलो रोग?" स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडणं, हा जाड्यांचाच आजार, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. अमेरिकेत तिकडच्या फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंची तपासणी झाली होती, 2003 साली प्रसिद्ध झाली. शंभरातल्या अंदाजे 14 जणांना हा त्रास निघाला, आणि मोठी मान, मोठं वजन अशा धोक्याच्या गटात सुमारे 34 जणांना. रोज मैदानात घाम गाळणारी माणसं ती.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकवून जागं करतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. ती वाट उघडी धरायला दंड-खांद्याचे स्नायू कामाला येत नाहीत.

आता टेप घ्या. शर्टासाठी आम्ही कॉलर जिथे बसते तिथे, मानेच्या बुडाशी माप घेतो आणि आत एक बोट घालून सैल ठेवतो. इथे ते चालत नाही. ताठ उभं राहायचं, नजर समोर, खांदे सैल. टेप कंठमण्याच्या लगेच खाली, सगळीकडून सारखी आडवी. चिकटून बसली पाहिजे, पण रुतता कामा नये. बोट घालायचं नाही. पुरुषाचं माप 17 इंच म्हणजे 43 सेंटिमीटरच्या वर आणि बाईचं 16 इंच म्हणजे 41च्या वर गेलं, तर पुढे वाचा. त्याच्या आत आलं तरी घोरणं जोरात असेल तर वाचाच.

दुसरं माप कमरेचं. पँटचा नंबर सांगू नका, तो खोटा असतो. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो आणि वर्षानुवर्षं "चौतीसच" म्हणतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून. आपल्याकडे पुरुषाला 90 सेंटिमीटर आणि बाईला 80, याच्या वर गेलं की पोटात चरबी आहे असं समजतात. वजन-उंचीचा बीएमआय इथे फसवतो. पाच फूट आठ इंच उंची, 86 किलो वजन, बीएमआय जवळपास 29. खलाशाचाही तेवढाच, दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याचाही तेवढाच.

मान जाड आणि कंबरही जाड, तर चरबी जिभेत आणि घशाच्या कडांनाही असते. शिवाय आडवं झाल्यावर पोट वर रेटतं, फुप्फुसात हवा कमी मावते आणि श्वासनलिकेला खालून ताणून धरणारी ओढ कमी होते, म्हणून घशाची वाट सहज मिटते. तिथे वजन उतरवण्याचा थेट उपयोग आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत वजन 10 टक्के कमी झालेल्यांचे श्वास अडण्याचे प्रकार साधारण 26 टक्क्यांनी घटले होते.

मान जाड पण कंबर बारीक, तर व्यायाम बंद करू नका. व्यायामाने वजन न उतरताही थोडा फायदा होतो. मात्र जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर साफ नाही म्हणा, त्याने हा त्रास वाढू शकतो. आणि दोन्ही मापं बारीक असूनही घोरत असाल तर हनुवटी मागे आहे का, टॉन्सिल मोठे आहेत का, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरना पाहू दे.

आपल्या कोकणात एक घोळ आहे. दुपारी माशाची कढी-भात जेवून अख्खं गाव झोपतं, त्यामुळे जास्तीची झोप कुणाच्या लक्षात येत नाही. वामकुक्षी वेगळी. बोलता बोलता डुलकी लागते का, हायवेवर गाडी चालवताना डोळा लागतो का, ते विचारा. बायकोला विचारलंत तर जास्त खरं कळेल: घोरणं मध्येच बंद पडून मग गचका देऊन श्वास येतो का? मोबाईलवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करून डॉक्टरकडे न्या.

डॉक्टर झोपेची तपासणी सांगतील; तिचा छोटा संच घरी लावूनही झोपता येतं. गुंतागुंतीची केस असेल तर आपल्याकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नाहीतर कोल्हापूरला जातात. रिपोर्टात तासाला श्वास किती वेळा अडला तो आकडा बघा: 5 ते 15 सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. तोवर दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा, आणि रात्रीची गाडी दुसऱ्याच्या हातात द्या.

उताणं झोपल्यावरच त्रास होत असेल तर एक शिवणकाम सांगतो. जुना, अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट घ्या. पाठीवर, दोन खांद्यांच्या हाडांमध्ये, टेनिस बॉल मावेल एवढा खिसा बाहेरून लावा. कापड जाड घ्या, दुहेरी टीप मारा, वर बटणाची पट्टी, नाहीतर रात्रीत बॉल पलंगाखाली. बनियनला लावू नका, कापड ताणून खिसा कुशीला सरकतो. सौम्य त्रासात हे चालतं, तीव्र असेल तर मशीनच.

मशीन आणलंत तर पावसाळ्याची तयारी ठेवा. आषाढात लाईट गेली की आमच्याकडे ती कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून माझं इन्व्हर्टरवर आहे. लाईट गेल्यावर पाणी तापवणारा ह्युमिडिफायर बंद करायचा, वीज तोच जास्त खातो. टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला आणि सकाळी उरलेलं ओतून टाका. आपल्या दमट हवेत दोन दिवसांत बुळबुळीत थर धरतो. मास्क रोज धुऊन सावलीत वाळवायचा. आणि वजन बरंच वरखाली झालं की मशीनचा दाब डॉक्टरकडून पुन्हा तपासून घ्या.