विज्ञान शिकवायला बाहेर पडताय? जागा एकच धरा

शाळेवर नव्याने रुजू झालेले शिक्षक हमखास विचारतात, ‘मुलांना बाहेर न्यायचं तर कुठे?’ बहुतेकांच्या मनात ताडोबा असतं, नाहीतर लोणार. सहलीसाठी दोन्ही उत्तम. पण विज्ञान शिकवायचं असेल तर शाळेपासून दहा मिनिटांच्या चालीवरची एकच जागा निवडा आणि वर्षभर तिथेच जात राहा, असं मी आग्रहाने सांगते. नाल्याचा काठ चालेल, ओळखीच्या कास्तकाराचं वावर आणि त्याचा धुरा, म्हणजे बांध, चालेल. एकदा पाहिलेलं मूल विसरतं. तीच जागा आषाढात, पोळ्याला, दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास पाहिली की ते स्वतःहून ‘असं काऊन झालं?’ विचारायला लागतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात शिकवते. आमच्याकडे सुरुवात मातीपासून करावी. वावरातली काळी माती आणि नाल्याकाठची रेताड माती आणायची, दोन्ही सारख्या मळून पट्टीने मोजून दहा-दहा सेंटीमीटरच्या कांड्या करायच्या आणि सावलीत वाळू द्यायच्या. तीन-चार दिवसांनी पुन्हा पट्टी लावली की काळी कांडी सेंटीमीटरभर आखडलेली दिसते, बहुधा मधून तडकलेलीही. रेताड जवळपास होती तेवढीच. ‘मॅडम, वावरातल्या भेगा बी अशाच पडतेत!’ हे वाक्य मुलांकडूनच येऊ द्या, आधी काही सांगू नका. मग कारण सांगा: काळ्या मातीत चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण खूप, त्यांच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, निघून गेलं की आक्रसते. पुढचा प्रश्नही मुलंच काढतात, आपल्या घराच्या भिंतीला तडे का जातात? पाया मुरुमापर्यंत का खोदतात, हे सांगायला गावातल्या एखाद्या मिस्त्रीला वर्गात बोलवा. पुस्तकापेक्षा ते चांगलं सांगतात.

पावसाळ्यात सरळ भिंतीची बाटली किंवा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी आतलं पाणी पट्टीने मोजायचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं कळलं की गणित धावायला लागतं. शाळेचं छत १०० चौरस मीटर आणि पाऊस २० मिमी, म्हणजे २००० लिटर! ते कुठे गेलं, हे पाहायला पोरं छत्री घेऊन पन्हाळीमागे धावतात. पाणी जिरवणं, परसबागेला वळवणं, हे विषय इथून आपोआप निघतात. जोडीला गावातल्या एका विहिरीची पातळी गाठी मारलेल्या दोरीने महिन्यातून एकदा मोजा. विहिरीला कठडा हवाच, आणि दोरी शिक्षकानेच सोडायची.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानाखाली मावा कीड आणि त्याच पानावर मावा खाणारा ढालकिडा दिसला की अन्नसाखळीचं चित्र फळ्यावर काढावं लागत नाही. ठरावीक झाडांवरचे किडे मोजायला लावा. कीड किती झाली म्हणजे फवारायचं, हा हिशेब मुलं घरी बापाशी बोलतात, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. मात्र वावरात जाण्यापूर्वी फवारणी कधी झाली ते कास्तकाराला विचाराच. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले आहेत. नुकतं फवारलेलं असेल तर त्या दिवशी धुऱ्यावरूनही परत फिरा. चपला घातलेल्या पोरांना गवतात सोडू नका, घोणस-मण्यार आपल्याकडे सगळीकडे आहेत.

दुसऱ्या जिल्ह्याचा पाठ उचलून आणू नका. बुलडाणा-अकोल्याकडे वर्षाला ७००-८०० मिमी पाऊस, गडचिरोलीत १३०० च्या वर. भंडारा-गोंदियात नोकरी असेल तर मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणजे तयार प्रयोगशाळाच. कोहळी समाजाने बांधलेल्या त्या तलावांतून पाणी बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेतापर्यंत, कसं उतरतं, हे तलावाच्या पाळीवर (बांधावर) उभं राहून गावातल्या जाणत्या माणसाकडून ऐका.

हिवाळ्यात काठी रोवून सावली मोजा. २२ डिसेंबरला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास आपल्याकडे सावली जवळपास काठीएवढीच पडते. मे महिन्यात, चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत साधारण २० ते २७ तारखेदरम्यान, एक दिवस ती पायाखाली नाहीशी होते. तेव्हा सुट्या असतात, म्हणून काठी कशी रोवायची ते मार्चमध्येच शिकवून ठेवा.

परवानगीचं मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत, तो आधार दाखवता येतो. ‘पोरं हिंडवता’ म्हणणाऱ्या पालकाला नोंदवही दाखवा: तारीख, वेळ, माप, कोणी मोजलं. ती वही मुलांच्याच अक्षरात असू द्या. विहिरीच्या वर्षभराच्या नोंदी झाल्या की त्या ग्रामसभेत मुलांनाच वाचायला लावा. सरपंच आणि सचिवांना आधी कल्पना दिली तर तेवढा वेळ मिळतो.